पहिली कुदळ पडण्याआधी

महाराष्ट्रात शहरातला रस्ता रुंद करायचा ठरला की झाडे मोजली जातात. खोडांवर क्रमांक पडतात, जात आणि घेर यांची यादी होते, वृक्ष प्राधिकरणापुढे प्रस्ताव जातो, वर्तमानपत्रात सूचना येते, हरकती मागवल्या जातात. १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्याने ही शिस्त लावली. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची, हेही त्याच कायद्याने सांगितले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि ते तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. अंमलबजावणीबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, तरी तोडलेल्या झाडाचा हिशेब मागण्याची सोय या कायद्याने करून दिली, हे मान्य करावे लागते. त्याच झाडाच्या ढोलीतल्या पिंगळ्यांच्या जोडीचा हिशेब मात्र कोणत्याही कागदावर नसतो. फांद्यांना दिवसभर लटकणारी वटवाघळे, रात्री त्या फांद्यांवरून पलीकडच्या आवारात जाणारे मसण्याउद, बुंध्याजवळच्या ओलीत पावसाळ्यापर्यंत दडून बसणारे बेडूक, यांतले कोणीही प्रस्तावात येत नाही. आणि जे आधी नोंदले नव्हते ते नंतर गेले की राहिले, हे कोणालाच सांगता येत नाही.

शहरातले वन्यजीव आणि रस्ते हा विषय निघाला की चर्चा सहसा उपायांपासून सुरू होते. भुयारी वाट किती रुंद असावी, उन्नत मार्गाखाली किती उंची सोडावी, कुंपण कुठवर न्यावे, आवाज अडवणारे पडदे लावावेत का. हे प्रश्न महत्त्वाचेच आहेत, आणि त्यांवर आता आपल्याकडेही चांगले काम झाले आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने २०१६ मध्ये रस्ते, रेल्वे, वीजवाहिन्या अशा लांबलचक बांधकामांसाठी सविस्तर मार्गदर्शिका काढली. पण या सगळ्या उपायांमागे एक गृहीतक असते. कोणता प्राणी कुठून, कधी, किती वेळा जातो हे आपल्याला ठाऊक आहे, असे ते गृहीतक. शहरांच्या बाबतीत ते बहुतेक वेळा ठाऊक नसते. म्हणून या प्रस्तावनेत मांडायचा मुद्दा उपायांच्या अलीकडचा आहे. रस्त्याने बाधित होणाऱ्या जीवांची मोजणी रस्त्याच्या बांधकामाचाच भाग मानली पाहिजे. ती काम सुरू होण्याआधी सुरू व्हावी, वाहतूक सुरू झाल्यावरही काही वर्षे चालावी, आणि तिच्यातून जे निघेल त्याला आराखडा बदलण्याचा अधिकार असावा. शेजाऱ्याशी बांधाचा वाद मिटवायचा तर नांगर फिरण्याआधीची मोजणी लागते; नंतरच्या मोजणीतून आज कोण कुठे उभा आहे एवढेच कळते.

मोजणी आजही होते, पण ती मेलेल्या प्राण्यांची. रस्त्यावर प्राणी पडलेला दिसला की फोटो निघतो, बातमी येते, आकडा तयार होतो. या आकड्यात बिबट्या नक्की येतो, साप क्वचित येतो, बेडूक जवळजवळ कधीच येत नाही. उजाडेपर्यंत कावळे, घारी आणि भटकी कुत्री रस्ता साफ करतात, उरलेले सफाई कामगारांच्या झाडूत जाते. धडक बसलेला प्राणी अनेकदा झुडपात जाऊन मरतो आणि सापडतच नाही. एवढ्यावर भागले असते तर आकडा थोडा वाढवून घेता आला असता. खरी अडचण शून्याची आहे. एखाद्या पट्ट्यात वर्षभरात एकही प्राणी वाहनाखाली आला नाही, तर प्राणी तिथून सुखरूप ओलांडत आहेत असे म्हणता येईल. आवाजाने आणि दिव्यांनी बिचकून ते रस्त्याजवळ यायचेच थांबले आहेत आणि पलीकडचे पाणी, खाद्य, जोडीदार त्यांना कायमचे तुटले आहेत, असेही म्हणता येईल. किंवा मरायला कोणी शिल्लकच नाही, असेही. तिन्ही वेळी तक्त्यात शून्यच पडते. यांतला कोणता अर्थ खरा, हे ठरवायला रस्त्याच्या दोन्ही अंगांना आधी किती जिवंत प्राणी होते हे माहीत असावे लागते.

या मुद्द्याला अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातला एक पुरावा आहे आणि तो विलक्षण बोलका आहे. तिथे एका जातीच्या पाकोळ्या पुलांखाली आणि मोऱ्यांमध्ये मातीची घरटी बांधतात. चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉम्बर्गर ब्राउन यांनी तीस वर्षे या पाकोळ्यांच्या वसाहती मोजल्या आणि त्याच रस्त्यांवर वाहनांखाली मेलेले पक्षीही गोळा केले. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. वाहतूक कमी झाली नव्हती, वसाहती तर वाढल्या होत्या, तरी मेलेल्या पक्ष्यांची संख्या वर्षागणिक घटत गेली होती. मेलेल्या पक्ष्यांचे पंख वसाहतीतल्या इतरांपेक्षा लांब होते. आखूड पंखांचे पक्षी चटकन वळून वाचत होते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. समजा त्यांनी फक्त मेलेले पक्षी मोजले असते. मग घटत्या आकड्यावरून वसाहती ओस पडत आहेत, असा नेमका उलटा निष्कर्ष कोणीही काढला असता. जिवंतांचा आकडा शेजारी होता म्हणून आकडा बोलला. शहरात आणखी एक काळजी घ्यावी लागते. एका वर्षी पाऊस कमी झाला, एखादा कचरा डेपो बंद झाला, कुत्र्यांची संख्या वाढली, की प्राण्यांचे आकडे रस्त्याशिवायही हलतात. म्हणून जिथे रस्ता होणार नाही अशी, बाकी सगळ्या बाबतींत सारखी, एक जागा त्याच काळात त्याच पद्धतीने मोजावी लागते. दोन्हींतला फरक तेवढा रस्त्याच्या खात्यावर टाकता येतो.

आपल्याकडे या सगळ्याची कसोटी मुंबईत लागते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचे. पश्चिमेला द्रुतगती महामार्ग आणि बोरिवली-कांदिवलीची वस्ती, पूर्वेला मुलुंड-भांडुप आणि ठाणे, दक्षिणेला आरे, उत्तरेला घोडबंदर रस्ता. घोडबंदर रस्त्यापलीकडे उद्यानाचाच एक तुकडा आहे, नागला. त्यापुढे वसईची खाडी, आणि खाडीपल्याड तुंगारेश्वर अभयारण्य. नकाशावर ही जंगले हाताच्या अंतरावर दिसतात. चार पायांवर चालणाऱ्याला मध्ये महामार्ग, रेल्वेमार्ग, गोदामे आणि खाडी लागते. तरीही ही वाट चालली जाते, हे आपल्याला एका बिबट्यामुळे कळले. २००९ मध्ये बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने जीपीएस पट्टा लावून माळशेज घाटात सोडलेला हा नर बिबट्या, ‘आजोबा’ या नावाने पुढे चित्रपटातही गेला. त्याने मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळ लोहमार्ग ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि सुमारे १२० किलोमीटर चालून तो नागल्यात पोहोचला. २०११ मध्ये मुंबईजवळच्याच महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्या मृत्यूची बातमी झाली, पण संवर्धनाच्या दृष्टीने मोलाची होती ती त्याआधीची वाट. ती वाट पट्ट्याने नोंदली नसती, तर नागल्याचा तुकडा ही उद्यानाची बंद शेपटी आहे असे आपण आजही समजून चाललो असतो, आणि तिथल्या रस्त्याच्या रुंदीकरणाला आक्षेप घ्यायला हातात काही नसते.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वरवरचा नाही. उद्यानातले बिबटे वाढत आहेत. वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांनी वनखात्यासोबत २०१५ मध्ये कॅमेरा ट्रॅपने केलेल्या गणनेत ३५ बिबटे ओळखले गेले; २०१८ च्या गणनेत ४७. अंगावरच्या ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे हे आकडे अंदाजाचे नाहीत, एकेक प्राणी ओळखून काढलेले आहेत. चारी बाजूंना रस्ते असताना बिबटे वाढतात, तर रस्त्यांनी बिघडले काय, असे विचारले जाते. उत्तर असे की संख्या आणि संपर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गणनेने पहिलीच मोजली आहे. बंद जागेत खाद्य भरपूर असेल, कुत्री-डुकरे मुबलक असतील, तर प्राणी काही पिढ्या वाढत राहतात. तुटलेपणाचा परिणाम रक्तात उतरायला वेळ लागतो. हे लॉस एंजेलिसमध्ये दिसले आहे. मुंबईप्रमाणेच तिथेही महानगराच्या हद्दीत मोठे मार्जारकुळी प्राणी राहतात, पर्वतीय सिंह. २००२ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेने त्यांना पट्टे लावले, त्यांचे रक्त तपासले, कोण कोणाचे पिल्लू हे नोंदले. सांता मोनिका डोंगरातले सिंह १०१ क्रमांकाच्या महामार्गामुळे कोंडले गेले आहेत, आपसांतच प्रजनन होत आहे, हे जनुकीय तपासणीतून आधी दिसले. २०२० मध्ये वाकड्या शेपटीचा आणि जननेंद्रियात व्यंग असलेला तरुण नर सापडला. या पुराव्याच्या बळावर लिबर्टी कॅन्यन इथे महामार्गावरून प्राण्यांसाठी पूल बांधायला एप्रिल २०२२ मध्ये सुरुवात झाली. वीस वर्षांची मोजणी नसती तर त्या पुलासाठी पैसे मागायला कोणी उभेही राहू शकले नसते. आपल्या गणनांना जोड हवी ती याच गोष्टीची, विष्ठेतून आणि केसांतून मिळणाऱ्या डीएनएची, नागला आणि तुंगारेश्वर दोन्हीकडच्या.

बिबट्याच्या नावाने सगळा हिशेब चालवण्यात आणखी एक धोका आहे. बिबट्या हा चिवट, जुळवून घेणारा प्राणी. तो टिकला म्हणजे बाकीचे टिकले, असे होत नाही. भेकर, सांबर, पिसोरी, वाघाटी, साळिंदर, घोरपड यांना रस्ता वेगवेगळ्या तऱ्हेने अडवतो. लहान प्राण्याला तर दुभाजकाची काँक्रीटची सलग भिंतच पुरते: रस्त्याची एक बाजू ओलांडून मध्यापर्यंत आलेला प्राणी पुढे जाऊ शकत नाही आणि मागे फिरताना चाकाखाली जातो. त्या भिंतीला ठरावीक अंतरावर फटी ठेवायला खर्च जवळजवळ येत नाही. रस्त्याखालच्या पावसाळी पाण्याच्या मोऱ्या हीच शहरातली सर्वांत जुनी भुयारी वाट आहे. मुंगूस, रानमांजर, मसण्याउद त्यांतून ये-जा करतात. रुंदीकरणात जुनी मोरी काढून तिथे नळ टाकला जातो, किंवा मोरीच्या तोंडाशी राडारोडा पडतो, आणि वाट संपते. कोणती मोरी कोण वापरतो हे कामाआधी महिनाभर कॅमेरे लावून कळू शकते, आणि कळले तर तीच मोरी थोडी रुंद करून, आत कोरडा काठ ठेवून बांधता येते. हे काम दिखाऊ नाही, म्हणूनही असेल, निविदेत ते सापडत नाही.

आता बोगद्यांचा युक्तिवाद. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे ४.७ किलोमीटरचे जुळे बोगदे आणि ठाणे-बोरिवलीचे दहा किलोमीटरहून लांब जुळे बोगदे उद्यानाच्या पोटातून जाणार आहेत. जंगल कापण्यापेक्षा जंगलाखालून जाणे कितीतरी बरे, हे मी निःशंकपणे मान्य करतो. वरून चाललेल्या भेकराला खालच्या गाड्यांचा पत्ताही लागणार नाही, असे सांगितले जाते, आणि बोगद्याच्या मधल्या भागापुरते ते खरेही ठरेल. पण बोगद्याला दोन तोंडे असतात. तिथे पोहोचरस्ते, दिवे, यंत्रे, कामगारांच्या वसाहती आणि खोदलेला दगड वाहणारे डंपर काही वर्षे राहतात, आणि ही तोंडे नेमकी जंगलाच्या कडेला असतात, जिथे प्राण्यांची रात्रीची वर्दळ सर्वांत जास्त. दुसरी गोष्ट पाण्याची. दहिसर, पोईसर, मिठी या नद्या याच डोंगरांतून निघतात. खडकातल्या भेगांमधून झिरपणारे पाणी उन्हाळ्यात झरे आणि डबकी जिवंत ठेवते, आणि बोगदा खोदताना याच भेगांमधले पाणी उपसावे लागते. अस्तर व्यवस्थित बसले तर झऱ्यांना काही होणारही नाही. प्रश्न भीतीचा नाहीच, ताळ्याचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत कोणत्या झऱ्याला किती पाणी असते आणि त्यावर रात्री कोण येते, याची आधीच्या वर्षांची नोंद असेल तरच बोगद्याने झरा आटवला नाही हे बांधणाऱ्यालाही सिद्ध करता येईल. मोजणी बांधणाऱ्याच्या विरुद्ध असते हा समज मला म्हणूनच चुकीचा वाटतो.

पाण्याचा मुद्दा निघालाच आहे तर नवी मुंबईतल्या नेरूळच्या डीपीएस तळ्याचा उल्लेख करायला हवा. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले पाणी आटले आणि फ्लेमिंगो मेलेले आढळले. भरतीचे पाणी तळ्यात आणणाऱ्या वाटा बंद झाल्या होत्या, आणि त्यात जेट्टीकडे नेलेल्या रस्त्याच्या भरावाचा हात होता, ही तक्रार पक्षिमित्र बराच आधीपासून करत होते. इथे प्रश्न गाडीखाली येण्याचा नव्हता. तक्रार खरी धरली तर रस्त्याने पक्ष्याच्या पायाखालचे पाणी काढून घेतले. आपण रस्त्याचा परिणाम डांबराच्या रुंदीत मोजतो, आणि तो पाण्याच्या, आवाजाच्या, प्रकाशाच्या वाटेने कितीतरी लांब जातो. समुद्रकिनाऱ्याबाबतही हेच. मुंबई किनारी रस्त्याची परवानगी जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली, डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने काम पुढे चालू दिले, आणि त्यानंतर वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरची प्रवाळे तिथून काढून दुसरीकडे बसवण्यात आली. प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, म्हणून निदान त्यांच्या स्थलांतराचा प्रश्न उभा तरी राहिला. त्याच खडकांवरच्या खेकड्यांना, समुद्रफुलांना, शिंपल्यांना तसे संरक्षण नव्हते. त्यांची जी काही नोंद आज आपल्याकडे आहे तिचा मोठा भाग ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने २०१७ पासून ओहोटीच्या वेळा साधून, स्वतःच्या वेळेत केलेला आहे. भरावाआधीची ती नोंद शहरावर झालेले उपकार आहेत, आणि ती उपकारावर सोडली गेली होती ही खंतही आहे.

मोजणी नीट झाली तर काय मिळते याचे आपल्याच सीमेवरचे उदाहरण पेंचचे आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पातून जातो, आणि न्यायालयीन लढ्यानंतर तिथे प्राण्यांसाठी लहानमोठ्या नऊ जागा उन्नत मार्गाखाली मोकळ्या सोडल्या गेल्या. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरे लावले. अठरा जातींचे वन्य प्राणी त्या खालून गेले, त्यांत अकरा वेगवेगळे वाघ. इतके खर्चिक बांधकाम वाया जाईल म्हणणाऱ्यांना याहून चांगले उत्तर नव्हते. कॅनडातल्या बँफ इथे १९९६ पासून वर्षानुवर्षे चाललेल्या नोंदींनी आणखी एक गोष्ट दाखवली: सुरुवातीला अस्वले महामार्गावरून प्राण्यांसाठी बांधलेल्या पुलांकडे फिरकत नव्हती, सरावायला त्यांना काही वर्षे लागली. पहिल्याच वर्षीच्या आकड्यांवरून ‘प्रयोग फसला’ असे ठरवले असते तर पुढचे पूल झाले नसते. त्याच ठिकाणी हेही कळले की माणसांची वर्दळ असलेल्या भुयारी वाटा मांसाहारी प्राणी टाळतात. आपल्या शहरांसाठी हा शेवटचा धडा सगळ्यांत महत्त्वाचा. पेंचच्या पुलाखाली रात्री माणूस नसतो. ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या पुलाखालची मोकळी जागा सहा महिन्यांत वाहनतळ होते, टपरी येते, भंगार साठते, कुत्र्यांची टोळी मुक्काम करते. त्या जागेचा नकाशावरचा शिक्का ‘वन्यजीव मार्ग’ असाच राहतो. शहरात वाट बांधणे हा कामाचा लहान भाग असून ती मोकळी ठेवणे हाच मोठा भाग आहे, आणि मोकळी आहे की नाही हे तिथे कायम लावलेला कॅमेराच सांगतो.

सर्वांत जोरकस आक्षेप माणसांच्या बाजूने येतो. घोडबंदर रस्त्यावर रोज तासन्‌तास अडकणारा नोकरदार, रुग्णवाहिकेत वेदना सोसणारा रुग्ण यांच्यापुढे झऱ्यावरच्या भेकराची नोंद कशी ठेवायची? मी ती पुढे ठेवत नाही. रस्ता हवा की नको, हा निर्णय वाहतूक, घरे, रोजगार आणि जंगल या सगळ्यांचा विचार करून शहराने घ्यायचा आहे, आणि काही वेळा तो रस्त्याच्या बाजूनेच जाईल. पण मोजणीमुळे काम रखडते हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. मोठ्या शहरी रस्त्याची कल्पना मांडल्यापासून यंत्र जमिनीला लागेपर्यंत आराखडे, निधी, भूसंपादन, पुनर्वसन आणि न्यायालये यांत वर्षे जातात. त्याच काळात दोन-तीन ऋतूंची मोजणी आरामात बसते. काम रखडते ते मोजणी सगळे ठरल्यावर शेवटच्या परवानगीसाठी घाईने उरकली जाते तेव्हा, आणि अशी घाईची मोजणी उन्हाळ्याच्या आठ दिवसांत होते, ज्यात बेडूक नसतातच. शिवाय ही नोंद माणसाच्याही सुरक्षेची आहे. २००४ च्या सुमारास उद्यानाच्या कडेने बिबट्यांचे जीवघेणे हल्ले वाढले, त्या काळात दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून सोडले जात होते. एका ठिकाणचा बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला की संघर्ष वाढतो, हे जुन्नर भागातल्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आले. जागेवरून हुसकावलेला प्राणी कुठेतरी जातोच. रस्त्याचे काम कोणत्या बिबट्याच्या फिरण्याच्या हद्दीत आहे, ते सुरू झाल्यावर तो कोणत्या पाड्याकडे सरकला, हे वनखात्याला आठवड्याच्या आत कळले तर त्या पाड्यात दिवे लावता येतात, कचरा उचलता येतो, संध्याकाळी मुलांना एकटे बाहेर न पाठवण्याबद्दल बोलता येते.

मोजणीवरचा मला खरोखर बोचणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो संवर्धनाच्या बाजूने येतो. मोजून वाचवता येत नाही. अहवाल तयार होतात, कपाटात जातात, आणि ‘आम्ही निरीक्षण करत आहोत’ हे वाक्य जंगल तोडण्याचा परवाना बनते. हे घडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर उपाय मोजणी थांबवणे हा नसून मोजणीचे परिणाम आधी ठरवणे हा आहे. झऱ्याचे उन्हाळी पाणी ठरलेल्या पातळीखाली गेले तर उपसा थांबवून अस्तर तपासायचे. ओलांडमार्गावरची प्राण्यांची ये-जा सलग दोन वर्षे आधीच्या निम्म्यावर आली तर रात्रीच्या डंपरना बंदी. मोरीच्या तोंडाशी राडारोडा दिसला तर ठेकेदाराचे देयक अडवायचे. हे आकडे कोणते असावेत यावर तज्ज्ञ वाद घालतील, घालावाही. पण ते करारात, निविदेच्या अटींत, काम सुरू होण्याआधी लिहिलेले हवेत. काँक्रीटच्या घनाची ताकद कमी भरली तर काय करायचे हे आज प्रत्येक करारात लिहिलेले असते आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. मोजणी करणाऱ्या संस्थेचे पैसे ठेकेदाराकडून थेट जाऊ नयेत, आणि नोंदी दर महिन्याला लोकांसमोर याव्यात, या दोन गोष्टींची जोड दिली तर कपाटाचा धोका बराच कमी होईल. शिकाऱ्यांना उपयोगी पडेल अशी नेमकी ठिकाणे तेवढी झाकावीत.

मोजायचे कोणी, हाही प्रश्न आहे. उद्यानात आणि आरेत वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत; वाघोबाची ठाणी आहेत; कोणत्या ओहळाने कोण रात्री उतरतो हे तिथल्या लोकांना कॅमेऱ्याआधी ठाऊक असते. आजवर त्यांच्याकडून वाट दाखवण्याचे काम करून घेतले गेले, नोंदीवर नाव दुसऱ्याचे आले. त्यांना पगारी निरीक्षक म्हणून घेणे न्यायाचे आहेच, कामाच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे, कारण पाच-सात वर्षे टिकणारा निरीक्षक तिथेच राहणाराच असतो.

आणि कायदा. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग येतात. महापालिकेने शहरात बांधलेला रस्ता केवळ रस्ता म्हणून त्या चौकटीत येत नाही. वनजमीन लागली, किनारा लागला, अभयारण्याचा शेजार असला तरच वन्यजीवांचा विचार करण्याची वेळ येते. पुण्यातली वेताळ टेकडी फोडून रस्ता काढण्याचा प्रस्ताव असो वा एखाद्या ओढ्याकाठचे रुंदीकरण, मोर, घोरपडी, वटवाघळे यांची मोजणी करायला महापालिकेला कोणी बांधलेले नाही. यासाठी नवा केंद्रीय कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. १९७५ चा कायदा राज्याचा आहे आणि राज्याने तो आधीही दुरुस्त केला आहे. वृक्ष प्राधिकरणापुढे येणाऱ्या रस्त्याच्या प्रस्तावासोबत त्या झाडांवरच्या आणि झाडांखालच्या जीवांची किमान पावसाळा आणि उन्हाळा या दोन ऋतूंतली नोंद असावी, आणि ती कामानंतर पाच वर्षे चालू राहावी, एवढी तरतूद विधिमंडळ एका दुरुस्तीने करू शकते. मुंबईतल्या बोगद्यांची कामे सुरू झाली आहेत, तिथल्या तोंडांपाशी ‘आधी’ संपले आहे. घोडबंदर रस्त्यावर उद्यान आणि नागला यांना जोडणारा ओलांडमार्ग अजून बांधायचा आहे. तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅमेरे, मोऱ्यांची यादी आणि विष्ठेचे नमुने यांचे काम येत्या पावसाळ्याच्या आत सुरू करता येते.